नानांची विनाथांबा वीज

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्या माहेरी वीज आली. म्हणजे जेल रोडच्या त्या घरात ती आधीही होती, पण तिच्याविषयी कोणी बोलत नव्हतं.

झालं असं, की आईचा पलंग खालच्या खोलीत. तिला बघायला येणाऱ्या बायकांना कंटाळून माझे वडील, म्हणजे नाना, दिवसभर वरच्या खोलीत जाऊन बसायचे. एकदा आईचा वॉकर हात पोचणार नाही इतका लांब राहिला. तिने हाका मारल्या, मग उशाशी ठेवलेलं ताट डावाने बडवलं. समोरच्या वहिनी धावत आल्या, मागच्या गल्लीतले एक आजोबाही आले. नाना आले नाहीत. सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले आहेत. कानाचं यंत्र आहे, पण त्याचा सेल संपू नये म्हणून ते फक्त लग्नाकार्याला बाहेर निघतं. मोबाइल ते खाली चार्जिंगला लावतात आणि मग वर जातात.

ही बातमी पुण्याला माझ्या भावापर्यंत गेली आणि दादाचा फोन आला. "रविवारी येतो. आई आता माझ्याकडेच राहील, कायमची." मग थोडा नरमला. "आईने बोलावलं की नाना येतात, एवढं मला दाखवा. मग नाही नेणार."

नाना "जाईल तर जाईल" म्हणाले आणि ताटात भाकरी कुस्करून तशीच ठेवून उठले. नानांना चहा करता येत नाही हा प्रश्न नव्हता, चहा येईलही. पण साखर जास्त झाली म्हणून भांडायला समोर कोण असणार होतं?

मी सातवीला विज्ञान शिकवते. म्हटलं, ऐकू येत नाही तर दिसू द्या. खाली आईच्या हाताशी बेलचं बटण आणि डबीत सेल, वर नानांच्या खुर्चीसमोर टॉर्चचा बल्ब, मध्ये वायर. बटण दाबलं की दिवा लागेल. "त्यात काय, मी करतो," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून त्यांच्याकडे येईपर्यंत केलंही. जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधत बांधत त्यांनी एकच वायर वर नेली होती. बल्ब लागत नव्हता आणि नाना दुकानदाराचा उद्धार करत होते.

"नाना, वायरी दोन लागतात. एक जायला, एक यायला."

"यायला कशाला? दिवा वर लावायचा हाय ना? वीज वर गेली, दिवा लागला, काम झालं. परत खाली येऊन तिला काय करायचंय?"

मी आकृती काढली, बाण काढले, इलेक्ट्रॉन सांगितले. "तू पाहिलेत का?" असं त्यांनी विचारलं. वर्गात हे कोणी विचारलं असतं तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. इथे वडील होते. शेवटी वैतागून मी म्हणाले, "सकाळी मनमाडला सोडलेली गाडी तिकडंच राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी डेपोतून काय सोडलं असतं तुम्ही?"

नाना वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग असं सांग ना. फेरी पुरी झाली पाहिजे."

"हो. सेलपासून निघायचं, बल्बातून जायचं आणि सेलला परत यायचं. रस्ता कुठेही तुटला की सगळी वाहतूक बंद. आईचं बटण म्हणजे रस्त्यावरचं फाटक. दाबलं की उघडं, सोडलं की बंद."

एवढ्या वर्षांत माझं शिकवणं असं पटकन कोणाला कळलं नव्हतं. मी खूश होऊन माझ्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर आई ओरडत होती, "अहो, माझ्या उशाशी इस्तरी ठेवली का काय तुम्ही?" सेलची डबी चटके बसतील इतकी तापली होती. नानांनी दुसरी वायर टाकली होती, पण बल्ब काढून ठेवून दोन्ही टोकं थेट एकमेकांना जोडली होती.

"मधला थांबा काढला," ते म्हणाले. "आधी लाइन चालती का बघू म्हटलं. विनाथांबा गाडी लवकर पोचती."

मी आधी आईच्या हातातलं बटण काढून घेतलं. मग सांगितलं, की बल्ब विजेला अडवतो म्हणून ती मापात धावते. अडवायला कोणीच नसलं की सुसाट सुटते आणि वायर, सेल सगळं तापवते, यालाच शॉर्टसर्किट म्हणतात. घरातल्या प्लगला हे केलं असतं तर दादाला रविवारपर्यंत थांबावं लागलं नसतं. नानांनी मान डोलावली आणि थांबा परत बसवला. वर दिवा लागला.

आता आईचं सुरू झालं. "वर दिवा लागला, हे मला खाली कसं कळायचं? मलाबी एक दिवा पाहिजे." नानांच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय तिला लग्नापासूनच नाही. नानांनी त्याच फेरीत दुसरा बल्ब घातला. दोन्ही असे मिणमिणले, की लागलेत का हे बघायला टॉर्च आणावा लागला असता. त्यात आईचा बल्ब जरा सैल झाला की नानांचाही जायचा.

"एकाच गाडीवर दोघांचा भार टाकलात," मी म्हणाले. "मनमाडला एक चांदवडवरून सोडा, एक निफाडवरून. डेपो तोच, रस्ते वेगळे." नानांनी दोन्ही बल्बांना सेलपासून वेगवेगळ्या वायरी दिल्या. दोन्ही लख्ख लागले. आईने तेवढ्यासाठी तीनदा उगाच बटण दाबलं.

रविवारी दादा आला. चहा व्हायच्या आधीच त्याने आईची बॅग गाडीत नेऊन ठेवली, मग तिला म्हणाला, "दाब." आईने दाबलं. खालचा दिवा लागला. आम्ही जिन्याकडे बघत राहिलो. कोणी आलं नाही. आईने बटण दाबूनच धरलं. तरी कोणी नाही. दादा जिना चढायला लागला, मी त्याच्या मागे.

नाना धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून, गुडघ्यांवर हात ठेवून बल्बासमोर बसले होते. बल्ब लागलेला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. "लागला बघ," ते दादाला म्हणाले. "तिनं लावला."

"नाना, खाली यायचं होतं," दादा म्हणाला.

नानांचा चेहरा खर्रकन उतरला. खाली यायचं ते साफ विसरले होते. कठड्याला धरून ते खाली आले आणि आईच्या पलंगाशी उभे राहिले. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

"बघितलंस ना, आई?" दादा म्हणाला. "दिवा लागतो, माणूस येत नाही." त्याला काहीतरी फेकून मारावंसं मला वाटलं.

आईने नानांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आले की," ती म्हणाली. "यांची गाडी लेट असती, पन रद्द कधी झाली नाय. जा, माझी बॅग उतरव."