गादीवरचे पाव्हणे

मुलगी पाहायला म्हणून निघालो आणि अजबखान्यात जाऊन बसलो.

तेव्हा मी मेहकरकडे शाळामास्तर होतो. जिथं जिथं मुलगी पाहिली, तिथून नकार आला. अमडापूरचं स्थळ आईच्या मते शेवटचं होतं. (आई प्रत्येक स्थळाला शेवटचंच म्हणायची, पण या खेपेला आवाज खोल गेला होता!) माझी अट एकच, मुलीला वाचता आलं पाहिजे. परीक्षेसाठी खिशात पुस्तकही घेतलं होतं.

"गढीजवळचं घर" एवढाच पत्ता. आई आणि मामांना घेऊन मी बैलगाडी थेट गढीच्या दारात नेली.

"अबे, कोनाले इचारून तं घे," मामा म्हणाले.

"मामा, मले समजते सारं!"

दारावर 'अजबखाना' अशी भली मोठी पाटी होती. पण रोज पोरांचं वाचन ऐकणारा माणूस सुटीच्या दिवशी एक अक्षर वाचत नाही!

आत दिवाणखाना पाहून आई हरखली. गालिचा, लोड, तक्के, भिंतीवर तलवारी! गढीचे देशमुख केव्हाच नागपूरला गेले आणि गावानं त्यांच्या जुन्या वस्तू लोकांना पाहायला मांडल्या, हे आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही गादीवर ऐसपैस बसलो. मामांनी पानदान उघडून सुपारीही तोंडात टाकली. (देशमुखांच्या आजोबांनी कातरलेली असावी. मामांची दाढ तेव्हा हलली ती हललीच!)

बाजाराचा दिवस होता. माणसं येऊन दारातूनच आम्हाला न्याहाळू लागली. मला वाटलं, मुलीकडची मंडळी! मी एकेकाला नमस्कार घालत सुटलो.

"वो माय! पुतळा हात जोडून राह्यला!" एक बाई किंचाळली.

"पुतळा नाही, देशमुखच हाय थो," तिचा नवरा म्हणाला. "लय वाळला बिचारा!"

त्यांच्यामागं उभ्या दोन पोरी तोंडाला पदर लावून हसत पळाल्या.

तेवढ्यात राखणदार धावत आला. "उठा, उठा! थे गादी पाह्याची हाय, बसाची नाही!"

मामा तापले. "पाव्हन्याले उठवता? पह्यले पोरगी दाखवा!"

"पोरगी? इथं तलवारी हायेत, पालखी हाय. पोरगी कुठून आनू?"

एवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आत आले. "पाव्हने, तुम्ही इथं काऊन बसले? तिकडे पोहे थंडे होऊन राह्यले!"

हे मुलीचे वडील. घर गढीच्या मागंच होतं!

तिथं खाली मान घालून गार पोहे खाल्ले. मुलगी बाहेर आली आणि मला घास लागला. हसत पळालेल्या दोघींतलीच ती! खिशातलं पुस्तक मी आणखी खोल दाबलं. हेही स्थळ गेलं, असं धरून आईनं रीतभात सोडून सरळ मुलीलाच विचारलं, "पोरी, आमचा पोरगा पसंत हाय ना वं?"

मुलीनं मला पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं, अगदी बाजारकरी पाहत होते तसं.

"हाव," ती वडिलांना म्हणाली. "पन बाबा, ह्यायले वाचता येते का, थे पह्यले पाहून घ्या!"