कोऱ्या पानावरची सही

आमच्या गावात महिला सभेच्या सह्या घरोघर फिरून घेतात. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो. पान कोरं असतं. आम्ही खाली सह्या करतो, वर ठराव नंतर लिहितात. नळाचा, दिव्यांचा. कुणी विचारत नाही.

माझं माहेर राहू गावचं, शाळा चौथीपर्यंत. सही सुट्या अक्षरांत करायचे. मागच्या खोलीत परभणीकडचं मुसलमान जोडपं भाड्यानं राहायचं. तो कंपनीत ठेक्यावर, ती ब्लाउज शिवायची. तिनंच कापडावर खडूनं मला जोडून सही शिकवली. "ताई, हात उचलू नका," म्हणायची.

मग कंपनीनं गावातली काही पोरं कामावरून कमी केली. पारावर बोलणं निघालं, "आपली पोरं घरी आन् ह्यांना काम." सरपंचांच्या चाळीत सगळे बाहेरचेच, पण बोट आमच्या मागच्या खोलीकडं. एका बाईनं अर्धा शिवलेला ब्लाउज परत नेला.

शिपाई आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पुसून सही केली.

"वहिनी, सायबिणीची सही झाली की," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

एरवी तो मागच्या खोलीकडंही जायचा. तिचं नाव गावच्या मतदार यादीत होतं. त्या दिवशी गेला नाही. मला ते दिसलं, मी परत भाकरी थापायला बसले.

ग्रामसभेत ठराव वाचला. त्या समाजाला गावात कुणी खोली देऊ नये, महिलांचीही तशीच मागणी आहे.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "तुझीच सही हाय खाली. मी काय बोलणार तिथं?"

दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन आली. त्या पानाचा फोटो गावभर फिरत होता.

"ताई, ही तुमचीच ना?"

"पान कोरं होतं गं."

"कोरंच असतं. मागल्या वेळी मीपण केली होती."

आठवड्यात ती दोघं सणसवाडीला गेली. टेम्पोत आधी मशीन चढवलं. मी दारात उभी होते, तिनं वर पाहिलं नाही.

काल शिपाई पुन्हा आला. पान कोरं.

"वर काय लिहिणार?" मी विचारलं. असं पहिल्यांदाच विचारलं.

"वहिनी शाळेतल्यागत वही तपासाय लागल्या काय?" तो हसला. ओट्यावरून हे म्हणाले, "कर की, त्याला पुढं जायचंय."

मी केली.

तो गल्लीनं पुढं निघाला. मी दारातून बघत राहिले. या वेळी त्यानं दोन घरं सोडली.