रुपचंदची मूठ

हिलाल आणि मी जळगावच्या डाळमिलमध्ये पोती वाहिली. काम सुटल्यावर मी स्वस्थ बसलो. हिलाल नशिराबादच्या घरी कादंबरी लिहायला लागला, सत्तावन्नच्या बंडाची.

लिहिणं हे मला काम वाटत नव्हतं. पण हिलाल एकेक पान चार-चार वेळा लिहायचा. गोष्टीतली बैलगाडी सातपुड्याचा घाट चढते, तर बैलांना पाणी कुठे पाजलं, हे कळल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. त्यासाठी भर उन्हात घाट चालून आला. मग मी मानलं.

गाडीवानाचं नाव रुपचंद. बंडवाल्यांना धान्य पोचवतो, पकडला जातो, फाशी जातो. हिलालने त्याला स्वतःच्या कल्पनेतून उभं केलं आणि आपल्या खापरपणजोबांचा भाऊ करून टाकलं. लिहिलेलं रोज बायकोला, झुंबरबाईला, वाचून दाखवायचा. फक्त फाशी लिहायची राहिली होती. तिच्याशिवाय पुस्तक संपत नव्हतं.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरी आली. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मी शेजारी, पण परका, म्हणून त्याच्या ओट्यावर होतो. सगळ्यांचे गहू काढून झाले, तरी झुंबरबाईने आणखी एक मूठ घातली.

“हाई कोनी?” हिलालने विचारलं.

“रुपचंदनी.”

“अवं, तो खोटा शे! मीच बनाडेल शे.”

“खोटा शे ना? मंग फाशी देवाले इतला दिन का बरं लागनात?”

हिलाल माझ्याकडे बघायला लागला. मी ओट्यावरचा माणूस, रस्त्याकडे बघायला लागलो.

रोट झाले. रुपचंदचा वाटा ताटात तसाच. टाकता येत नाही, मला देता येत नाही. शेवटी हिलालने खाल्ला, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी कानबाईला निरोप देऊन परत येताना तो म्हणाला, “नाना, आते त्याले मारता येत नही.”

“मंग नको मारू.”

“पन कुठे जाई तो? घर उना ते साहेबलोक धरतीन.”

पोतं उचललं की कुठे टाकायचं, ते मुकादम सांगायचा. इथे मुकादमच नाही. सुचलं ते बोललो, “जळगावले डाळमिलमा लाव त्याले.”

हिलाल जागीच थांबला. “सत्तावन्नना साले डाळमिल व्हती का?”

“माले काय माहीत!”

आज सकाळी तो रिक्षात बसून जळगावला गेला, चौकशी करायला. मी माझ्या ओट्यावर बसलोय. मिल नसली तर रुपचंदचं काय, हे काही डोक्यातून जात नाही.