काटकोनकाका आणि हिरवी रेघ

माझ्या काचेच्या दुकानाला लागून फ्रेमवाल्याचं दुकान होतं. त्या फ्रेमवाल्याला सगळी गल्ली काटकोनकाका म्हणायची. ते काटकोनासाठी भांडायचे, म्हणून. माझ्या दुकानात बसायला आले तरी आधी टेबलावरचं बिलबुक कडेला समांतर लावायचे आणि मगच बूड टेकायचे. फोटोच्या फ्रेमला चार कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशात मिळतात. काकांच्या फ्रेमवर बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळायचं नाही. आणि कुणी सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून फट बुजवली, तर काका त्याला सुतारच मानायचे नाहीत. "लांबी भिंतीला भरतात," म्हणायचे.

एक दिवस एक बाई तिच्या वडिलांचा फोटो परत घेऊन आली. फ्रेमच्या कोपऱ्यात नखभर फट होती.

"हवेनं लाकूड फुगलं असेल," काका म्हणाले.

मी काच बसवताना ती फट पाहिली होती. गप्प बसलो होतो. त्या महिन्यातली ती चौथी फट होती.

काकांच्या मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती. तिनं फोनवर ऐकलं आणि लगेच तोडगा काढला. "बाबा, तुमच्या करवतीला लेझर बसवून घ्या. लाकडावर रेघ पडते, रेघेवर कापायचं. हल्ली सगळेच वापरतात."

काकांची करवत म्हणजे मायटर सॉ, कोनात कापणारं विजेचं मशीन. वीस वर्षं काकांनी त्यावर नजरेनं पातं टेकवलं होतं. लेझरबिझर म्हणजे नवशिक्यांचे चोचले, असं म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी ते मला म्हणाले, "काचवाल्या, चल जरा माझ्याबरोबर. दुकानदार मला गंडवेल."

त्यांना कुणी गंडवू शकत नाही हे मला माहीत होतं. तरी गेलो.

हत्यारांच्या दुकानातल्या माणसानं तीन प्रकार काढून ठेवले. पहिला दिवा होता. तो पात्याची सावलीच लाकडावर पाडायचा. सगळ्यात अचूक तोच, पण काकांच्या जुन्या मशीनला तो बसत नव्हता. दुसरा वरून चिकटवायचा, काकांनी तो हलवून पाहिला आणि म्हणाले, "हा आठवड्यात हादऱ्यानं सरकेल." तिसरा चकतीसारखा, पात्याच्या वॉशरच्या जागी बसणारा. पातं फिरायला लागलं की आपोआप पेटायचा. त्यात लाल होता आणि हिरवा होता.

दुकानदारानं लाल रेघ फळीवर पाडून दाखवली. काका वाकून बघत राहिले.

"मध्ये तुटलीय ही."

"नाही हो काका, अखंड आहे."

"हिरवी दाखव."

हिरवी जास्त लख्ख होती. काकांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, कोंबडीनं दाणा न्याहाळावा तसं एका बाजूनं पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "तुला सलग दिसते?"

"दिसते."

"मग तुटलेली नसणार," ते म्हणाले. "हीच दे."

रस्त्यात मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. डोळ्यांचे डॉक्टर सहा महिन्यांपूर्वीच म्हणाले होते की पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसेल, समोरचं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. काकूंनाही सांगितलं नव्हतं.

"अहो, मग लेझर कशाला घेतला?"

"पोरगी म्हणाली ना," ते म्हणाले.

लेझर बसवला. रेघ कडेनं बघितली की दिसायची. पण रेघ सांगते पातं कुठे पडणार ते. कुठे पडायला हवं ते सांगते पेन्सिलची खूण. आणि खूण काकांना दिसत नव्हती. त्यांनी जाड मार्कर घेतला. खूणच एवढी रुंद झाली की तिच्या आत एक अख्खी फट मावली असती. शेवटी काकूंना सांगावं लागलं. काकू रडल्या नाहीत. चष्मा पुसून दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

मग काही दिवस असं चाललं. काकू खूण करायच्या, काका पातं वर ठेवूनच मशीन सुरू करायचे आणि पट्टी सरकवायचे.

"आली का खुणेवर?"

"अजून जरा. तुमच्या बाजूला. हां, बास."

आठ फ्रेमा झाल्या. सांधे बरे होते. पूर्वीसारखे नाहीत, पण बरे. मलाही वाटलं, निभावेल.

नववी फ्रेम बारीक पट्टीची होती. मी काच मापायला काकांच्या दुकानात गेलो होतो. मशीन सुरू होतं, काका डाव्या हातानं पट्टी सरकवत होते, काकू म्हणत होत्या, "जरा अजून, जरा..." आणि एकदम ओरडल्या, "अहो, हात!"

काकांनी मशीन बंद केलं. पातं वरच राहिलं होतं, लागलं काहीच नाही. पण मी जे पाहिलं ते काकूंनीही पाहिलं होतं. हिरवी रेघ काकांच्या अंगठ्यावर आडवी पडली होती, नखाच्या बरोबर मधोमध. आणि काका सरळ तिच्याकडेच बघत होते.

"कुठे होती?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांचा अंगठा धरून दाखवला. "इथे."

त्यांनी तो अंगठा डोळ्यांपाशी नेला, बाजूनं पाहिला, आणि मशीनची पिन बोर्डातून काढली.

मुलीला खरं सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती आली, दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तिसऱ्यांकडे घेऊन गेली. सगळ्यांनी तेच सांगितलं. दोन्ही डोळे त्याच वाटेनं निघाले होते.

विकलेलं मशीन न्यायला एक तरुण फ्रेमवाला आला. लेझर कसा जुळवायचा ते काकूंनीच त्याला समजावलं. काका तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसून होते. त्यानं चाचणीला एक पट्टी कापली. काका आवाज ऐकून आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "पातं बोथट झालंय. बदलून घे."

आता त्या दुकानाचं शटर बंद असतं. काका दुपारी माझ्याकडे येतात आणि स्टुलावर माझ्याकडे कान करून बसतात, म्हणजे मी त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. मी काच कापतो. कधी कधी तासभर बसून उठतात, भिंतीला हात लावत घरी जातात. गेल्या आठवड्यात ते चार दिवस आले नाहीत. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "झोपून असतात. कंटाळा आला म्हणतात."