सेरुवायाचा हंस

सेरुवायाने एकोणीस वर्षांत किती हंस घडवले असतील, याचा हिशेब आम्ही एकदा करून बघितला. फिजीतल्या नांदी शहरात, मोठ्या हॉटेलात ती खोल्या आवरते. रोज वीस पलंग, प्रत्येक पलंगावर टॉवेलचा एक हंस. आकडा लाखाच्या पुढे गेला तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

तिची इच्छा एवढीच होती की, लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा नवऱ्याला, अपिसाईला, घेऊन समोरच्या बेटावर दोन रात्री राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी घडवलेला हंस आपल्या पलंगावर बसलेला बघायचा.

मी शेजारी राहतो आणि शाळेत कारकून होतो (गाव मला मास्तरच म्हणतं), म्हणून खर्चाचा अंदाज काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्यासारख्या स्थानिकांच्या दराने खोली सहाशे वीस डॉलर. दोघांची बोट, जाऊन येऊन, दोनशे ऐंशी. जेवण : शून्य.

"शून्य कसं?" मी विचारलं.

"तिथं सँडविच अठ्ठावीस डॉलरला आहे, मास्तर. मी उकडलेला कसावा आणि माशाचे डबे नेणार."

"बोटीवर पिशव्या बघतात म्हणे."

"माझ्या पिशवीत कोण हात घालतो तेच बघते!"

पैसे दूध पावडरच्या डब्यात साठू लागले. चारशे झाले आणि तिचा चुलतभाऊ छपराच्या पत्र्यांसाठी दारात आला. "केरेकेरे," म्हणाला. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने हा शब्द उच्चारला की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. जे असेल ते काढून द्यायचं. पत्र्यांनंतर चर्चच्या गायकांचे शर्ट आले, मग कुणाच्या तरी गाडीचा टायर आला. खोटं कशाला बोलू, दात काढायला बत्तीस डॉलर मीही नेले. तिने वहीत केरेकेरेचा वेगळा रकानाच पाडला. तिसऱ्या वर्षी तो रकाना खोलीचं भाडं खाऊन बोटीच्या भाड्यावर आला.

"हा डबा माझा आहे की गावाचा?" ती ओरडली.

"गावाचा," अपिसाई शांतपणे म्हणाला. तो बस चालवतो. रस्त्याच्या कडेला कुणी नुसतं डोकं खाजवलं तरी हा गाडी थांबवतो.

शेवटी तिला युक्ती सुचली. डब्यात नऊशे जमताक्षणी ती धावत गेली आणि खोली-बोटीचे सगळे पैसे आगाऊ भरून आली. बेत बदलला तर एक सेंट परत नाही!

"आता या म्हणावं! मागा! पैसेच नाहीत!" ती अंगणात अक्षरशः नाचली.

पाचव्या दिवशी अपिसाईचा भाचा आला, नाव किटिओने. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, मुळी त्याने मामापुढे चटईवर ठेवली आणि मान खाली घालून बसला. अपिसाईने रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून ती स्वीकारली. मुळी स्वीकारली की मागणं नाकारता येत नाही. मग विचारलं, "बोल, काय काम काढलंस?"

"मामा, पैसे नकोत हो. लग्न झालं, पण उनाइसीला कुठं नेलं नाही. तुमची ती बेटावरची खोली..."

सेरुवाया पळी घेऊनच बाहेर आली. "नाही म्हण त्याला."

"कसं म्हणू? मुळी घेतली ना."

"न विचारता घेतलीसच कशाला?"

"अगं, भाचा आला होता!"

"मी पैसे लपवले आणि याने खोलीच मागितली! असली डोकी परीक्षेत का चालत नाहीत रे तुमची?"

भाचा नम्रपणे म्हणाला, "मामी, नाव तुमचंच राहू द्या. बदलायला साठ डॉलर पडतात. उगाच तुम्हाला भुर्दंड नको."

"किती रे काळजी माझी!" म्हणत तिने पावती त्याच्या हातात कोंबली. वर माशाचे डबेही दिले, कारण सँडविच अठ्ठावीस डॉलरला होतं. अपिसाईशी ती चार दिवस बोलली नाही. मला मात्र ती दिवसभर ऐकू येत होती.

नवी जोडी सोमवारी परतली. उनाइसीने बोटीतून आणि बसमधून एक खोका मांडीवर धरून आणला होता. आत हंस होता.

"मामी, पलंगावर होता. तुमची फार आठवण आली."

सेरुवाया त्याच्याभोवती फिरली. "मान सैल आहे. पंख उलटे दुमडलेत. नवी पोरगी दिसते." मग तिने तो दोन्ही हातांनी उचलून आत नेला आणि स्वतःच्या पलंगावर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. बेटावरून. आपल्या नावावरच्या खोलीत एक मोठा टॉवेल कमी भरतोय, पंचेचाळीस डॉलर भरावे लागतील. एकोणीस वर्षं पाहुण्यांच्या अशाच तक्रारी वर कळवणारी बाई मुकाट्याने म्हणाली, "हो, बरोबर आहे."

मी वही उघडली. "कुठल्या रकान्यात लिहू?"

ती उत्तर देणार इतक्यात अपिसाई न्हाणीतून ओला निथळत आला आणि त्याने सरळ हंसाच्या मानेला हात घातला.

"हात काढ!" ती इतक्या जोरात गरजली की माझं पेन पडलं. "पंचेचाळीस डॉलर मोजतेय मी. दोन रात्री तो इथंच बसणार!"