गोलाच्या कडेशी थांबणाऱ्या बाई

"नको," ती चिमुरडी म्हणाली आणि बाई थांबल्या. खडूनं आखलेल्या गोलाच्या कडेशी त्या उकिडव्या बसल्या होत्या. "बरं," म्हणाल्या, पदर सावरला आणि पुढच्या गोलापाशी जाऊन पुन्हा विचारलं, "येऊ का आत?"

कुरुंद्याजवळच्या एका वस्तीशाळेत मी रुजू झाले, त्या दुपारी सुशीलाबाई खिल्लारे मला अशा दिसल्या. शिवारात हळद शिजत होती. तिची वाफ वर्गापर्यंत येत होती आणि त्या पिवळट उजेडात लेकरं आपापल्या गोलात उभी होती, जणू प्रत्येकाला एकेक लहानसं गाव मिळालं होतं.

पसरलेले हात पोचतील तेवढा गोल. आत यायचं तर विचारायचं. नको म्हटलं तर रुसायचं नाही. अंगाच्या कोणत्या जागा फक्त आपल्या, आणि कुणाला सांगू नकोस असं म्हणणाऱ्याचं का ऐकायचं नाही, हेही बाई तिथंच सांगत. नाक-कान शिकवावेत त्याच आवाजात.

गावाला हे पचायला वेळ लागला. लेकरं पाहुण्यांना पापा देईनाशी झाली. एक आजोबा नातवाला घेऊनच शाळेत आले. "मी आजा हाय याचा. मला काहून विचारायला लावून राहिले तुमी?" बाई म्हणाल्या, विचारून तर बघा. आजोबांनी हसत विचारलं. नातवानं बराच विचार केला. "बाजूला बसा. उचलू नका," तो म्हणाला. आजोबा बसले. पुढं ते रोज तसेच बसू लागले.

बाईंची ही रीत वर्गापुरती नव्हती. माझे वडील गेले तेव्हा येईल तो मला कवटाळत होता. बाईंनी दारातून एवढंच विचारलं, "जवळ बसू का?" आणि बसल्या.

एका दुपारी एक मुलगी गोल आखून त्याच्या बाहेर उभी राहिली. बाईंनी कारण विचारलं.

"माह्या गोलात मामा येतो. न विचारता."

बाईंचा चेहरा हलला नाही. "सांगितलंस, बराबर केलंस," त्या म्हणाल्या. "तुझी काहीच चूक न्हाई."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या आईकडे गेलो. ती वाळत घातलेली हळद हलवत होती. मामा म्हणजे आईचा मावसभाऊ, कामासाठी त्यांच्याच घरी राहिलेला. बाईंनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आईचे हात चालूच राहिले.

"भाऊ हाय माझा, बाई."

"आणि ही लेक हाय."

तक्रार द्यावीच लागते, ती मी उद्या देणार, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आई सोबत आली तर लेकराला बळ येईल, एवढीच विनंती केली. आणि आज लेकरू माझ्याकडे झोपेल, म्हणाल्या. आईनं मान हलवली; हो की नाही ते कळलं नाही. बाई ऊन उतरेपर्यंत तिच्याबरोबर हळद हलवत राहिल्या. मग मुलीला घेऊन निघाल्या. आई जागची उठली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा त्या पिवळ्या पसाऱ्यात ती एकटी होती, आणि सगळं फार दूर, झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं.

ही हकीकत बाईंच्या गौरवासाठी काढलेल्या या अंकात लिहू का, हे बाईंनी मला आधी त्या मुलीलाच विचारायला लावलं. ती आता मोठी झाली आहे. लिहा म्हणाली, नाव नको म्हणाली. म्हणून नाव नाही.

बाई आता साठीच्या झाल्या. निवृत्त होऊनही त्यांच्या पिशवीत खडू असतो. त्यांचे गुडघे दुखतात, तरी लेकरांशी बोलायला त्या खालीच बसतात. त्या गुडघ्यांना उसंत मिळो, त्यांना निरोगी आणि भरपूर वर्षं लाभोत, आणि कितीतरी लेकरांनी त्यांना बिनधास्त "नको" म्हणावं, एवढंच आम्हा सगळ्यांचं मागणं.

त्या संध्याकाळनंतरचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई बाईंच्या दारात आली. हात पिवळेच होते. लेक आत चहात बिस्कीट बुडवत होती. आईनं उंबऱ्याबाहेरून विचारलं, "येऊ का?" लेकीनं सरकून जागा केली. मग तिघी पहिल्या एसटीनं वसमतला, पोलीस ठाण्यात गेल्या.