एका दुपारचा जामीन

मागच्या वैशाखात नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीने एका लाइनमनला कोंडून ठेवलं. त्याला कोणी मारलं नाही, हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो.

आदल्या संध्याकाळी वादळ झालं. गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब तारांवर कोसळला आणि लाइन गेली. नागपुरात मे महिन्यात लाइन गेली की कूलर बंद होतो, पाणी वर चढत नाही, माणसं रात्रभर गच्चीवर कूस बदलत राहतात. तरी निभावतात. आमच्या घरी तेवढ्यावर भागणार नव्हतं. माझे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि ते मशीन विजेवर चालतं.

वडिलांनी काटोलला जिनिंगमध्ये आयुष्य काढलं. कापसाची धूळ छातीत साठत गेली. आम्ही तिला वर्षानुवर्षं खोकला म्हणत राहिलो. त्या मजुरीतून मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आज शाळेत शिकवते, पंखा आहे, खुर्ची आहे, महिन्याला पगार आहे. तुमच्या श्वासावर मी शिकले, असं एकदा त्यांना म्हटलं, तर चिडले. म्हणाले, "मास्तरीण झाली म्हून काहीबी बोलशील काय?"

सकाळपर्यंत आमचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर संपला होता. नवरा बुटीबोरीला रात्रपाळीवर अडकला होता, कारखान्याची बस निघाली नव्हती. शेजारच्या काकूंनी आपला इन्व्हर्टर बॅटरीसकट आमच्या घरी आणून लावला, म्हणून मशीन चालू होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मशीन चालतंय तोवर घरीच ठेवा, बंद पडलं तर लगेच आणा. वडिलांना दवाखाना नको होता. मागच्या वेळी तिथून परत यायला फार दिवस लागले होते, आणि पुन्हा गेलो तर येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी ठरवलं, बॅटरी संपत आली की विचारत बसायचं नाही. चार माणसांनी खुर्चीत बसवून, पडलेल्या कडुनिंबावरून पलीकडे न्यायचं आणि ऑटोत घालायचं.

चार माणसं शोधायला बाहेर पडले, तर गल्लीतले सगळे पुरुष समाजभवनापाशी. लाइनमन सकाळी पाहणी करायला एकटाच आला होता. केबल बदलावी लागेल, आज होईल की उद्या सांगता येत नाही, असं म्हणाला. त्यावर त्याला आत घालून बाहेरून कुलूप लावलं होतं. त्याची शिडी आणि कमरेचा पट्टा व्हरांड्यात जप्त. पुढाकार आमच्या समोरच्या हार्डवेअरवाल्यांचा.

"मॅडम, बरं झालं आल्या," ते म्हणाले. "बाबांचा एक व्हिडिओ काढा ना. लाइन नाही, बाबा तडफडून राहिले, असा. ग्रुपवर टाकतो. साहेब लोक धावत येते."

"तडफडत नाहीयेत. झोपलेत."

"मग थोडं उठवा."

कोणीतरी हसलं. मग ते स्वतःही हसले. पण फोन त्यांनी हातात तयारच ठेवला होता. तेव्हा लक्षात आलं, या कोंडण्याला एक कारण हवं होतं, आणि ते कारण माझ्या घरात नळी लावून निजलं होतं. सगळे माझ्याकडे असं पाहत होते की आता मी पुढे व्हावं आणि ओरडावं. ओरडायची इच्छा नव्हती असं नाही. रात्रभर जागी होते.

खिडकीतून लाइनमन म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा या लोकायले. केबल काय माह्या खिशात हाय? स्टोअरमधून आणा लागते. अन् बाकीचे पोट्टे फोनवर म्हणते, त्या गल्लीत मार खायले कोन येईल?"

म्हणजे जो दुरुस्त करणार तो कुलपात, आणि त्याला कुलपात पाहून दुसरे येईनात. हे मी हार्डवेअरवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडलं तर हा आठ दिवस तोंड दाखवनार नाही. मागच्या बारीले काय झालं, विसरल्या काय?" मागच्या वेळी खरंच तसं झालं होतं.

आत टेबलावर चहाचे रिकामे कप होते. कोंडलं तरी पाहुणा तो पाहुणा. प्रत्येक घरातून चहा गेला होता. लाइनमन म्हणाला, "चहा पाजू पाजू मारता काय? बाथरूमले तं जाऊ द्या."

घरी आले. वडील जागे होते. सांगितलं.

"कोंडला?" त्यांना हसू आलं. नळी सरकली, ती मी नीट केली. "आमीबी कोंडलं होतं एकदा मुनीमले. बोनस देत नोता म्हून. दुपार झाली, त्याले भूक लागली. आता मानसाले उपाशी कसं ठेवता? माह्या डब्यातली भाकर त्यानं खाल्ली, अन् मी उपाशी."

"मग बोनस?"

"कायचा बोनस. त्याची बायको रडत आली, देलं सोडून."

बराच वेळ ते दम घेत राहिले. माझ्या मनात जे आलं होतं ते मी सांगितलं, आणि विचारलं, जाऊ का तुम्हाला सोडून?

"जाय ना वं. मी काय पळून चाललो? बांधून ठेवलं हाये तुनं नळीनं."

काकूंना त्यांच्याजवळ बसवलं. बॅटरी संपत आल्याचा आवाज आला की मला फोन करा, म्हटलं, आणि समाजभवनापाशी परत गेले.

आमच्या काटोलकडे जामीन राहण्याला अजून किंमत आहे. एखाद्याच्या शब्दाची खात्री नसली, तर दुसरं कोणी आपला शब्द घालतं. मी म्हटलं, "याला केबल आणायला सोडा. तो परत येईपर्यंत मी इथे बसते. तो आला नाही, तर तुमचा राग माझ्यावर काढा."

"तुमाले कोंडून काय फायदा?"

"त्याला कोंडून काय झाला?"

"आमी लेडीजले कोंडत नाही, मॅडम."

"कुलूप लावू नका मग. मी बसणारच आहे."

त्यांनी कुलूप काढलं आणि लाइनमन उठला त्या खुर्चीवर मी बसले. त्याने आभार मानले नाहीत. बाथरूमकडे गेला, मग मोटारसायकल काढून निघून गेला.

याला धैर्य म्हणता येणार नाही. मी बाई, त्यातून शिक्षिका, यांच्यातल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात. माझ्या अंगाला कोणी हात लावणार नाही हे मला माहीत होतं. लाइनमनला तो आधार नव्हता. धोका माझा नव्हताच, होता तो वडिलांचा, आणि तो मी त्यांना विचारून का होईना, एका अनोळखी माणसाच्या भरवशावर ठेवला होता.

दर दोन ऑक्टोबरला मुलांची भाषणं मीच बसवते. अहिंसा, स्वावलंबन, आजच्या काळात त्यांचं महत्त्व. मीही लहानपणी तेच भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. त्या भाषणात सगळं उभ्याने होतं. माणसं चालतात, घोषणा देतात, सहन करतात. नुसतं टिनाच्या छपराखाली घाम पुसत बसून राहणं, फोनकडे पाहत राहणं, आणि आपण मूर्खपणा तर केला नाही ना, असं दर थोड्या वेळाने वाटणं, हे त्यात नव्हतं. मी फार थकले होते. खरं सांगायचं तर बसायला मिळालं याचंच बरं वाटत होतं.

पुरुष आधी व्हरांड्यात उभे राहिले. मग त्यांना अवघडल्यासारखं झालं. एक जण पाण्याची बाटली ठेवून गेला. मग काकूंचा फोन आला, बॅटरी टुकटुक करू लागली. मी उठणार, तोच हार्डवेअरवाले म्हणाले, "बसा." आणि घरी जाणाऱ्या एकाला ओरडले, "तुह्या घरची बॅटरी काढ नं गा! पाहत काय उभा हायेस?"

त्या दुपारी गल्लीतल्या ज्या घरांत इन्व्हर्टर होते त्यांच्या बॅटऱ्या एकामागून एक हातगाडीवरून आमच्याकडे गेल्या. सकाळपासून हे सुचलं नव्हतं, कोणालाच, मलाही नाही. सकाळपासून आम्ही सगळे बाहेरून येणाऱ्या साहेबाची वाट पाहत होतो. शेवटची बॅटरी हार्डवेअरवाल्यांच्या दुकानातली होती. ती लावल्यावर काकूंनी फोन करून सांगितलं, आता यापुढे कोणाकडे नाही.

लाइनमन येईना. ऊन उतरू लागलं. खुर्ची, ऑटो, दवाखाना, असं मी मनात मांडू लागले. वडिलांना कसं सांगायचं, तेही.

मग तो आला. छोट्या गाडीत केबलचं वेटोळं, सोबत दोन जण. मी बाहेर धावले.

"इतका वेळ?"

"घरी गेलो होतो. जेवलो. जरा पडलो," तो म्हणाला. "सकाळपासून चहावर होतो ना मॅडम."

माझा हात उठला. खरंच उठला, खांद्यापर्यंत. ज्याच्यासाठी दिवसभर बसले तो झोपून आला होता. त्याला माझ्या घरातलं माहीत होतं, सकाळी खिडकीतून सगळं ऐकलं होतं त्याने. मारलं असतं तर गल्लीने मला अडवलं नसतं. पण मारल्यावर तो खांबावर चढला असता का? एवढाच हिशेब माझ्या डोक्यात आला. त्याच्याविषयी दया नाही, काही थोर विचार नाही. तो हात मी शिडीकडे नेला आणि म्हटलं, "चढा."

गल्लीतल्या माणसांनी कडुनिंबाच्या फांद्या कुऱ्हाडीने तोडून बाजूला ओढल्या. शिडी धरायला सकाळी कुलूप लावणारेच पुढे झाले. लाइनमन वरून शिव्या देत होता, हे खाली ऐकू येत होतं आणि कोणी उलट बोलत नव्हतं.

लाइन आली तेव्हा सगळ्या गल्लीत एकदम ओरडा झाला. मी घरी पोचले. वडील डोळे मिटून होते. मशीनचा आवाज नेहमीसारखा, छाती वरखाली होत होती. काकू पदराने स्वतःला वारा घालत होत्या. पंखा सुरू झालाय हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी खाली फरशीवर बसले.

वडील अजून आहेत. लाइन अजून जाते. त्या दिवसाने आमची गल्ली बदलली, असं मी मुलांना सांगत नाही. परवाच कचऱ्याच्या गाडीवाल्याला कोंडायची भाषा चालली होती.

लाइन आली त्या संध्याकाळी हार्डवेअरवाले आपली बॅटरी न्यायला आले. एकट्याने उचलेना. मी दुसरी बाजू धरली. दोघं ती लटकावत पायऱ्या उतरलो. मध्येच ते थांबले, धापा टाकत म्हणाले, "नशीब समजा, आला तो. नसता आला तर?"

"नसता आला तर माहीत नाही," मी म्हटलं.

"मी तं पुन्हा कोंडीन, सांगून ठेवतो."

"बरं. आता नीट धरा, पायावर पडेल."

त्यांनी पकड बदलली आणि आम्ही रस्ता ओलांडू लागलो.